पोहोच द्या, साहेब!

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



वेचणीचे दिवस आहेत. पऱ्हाटी फुटून वावर पांढरे झाले आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. आणि तरी तुम्ही घरची कामे टाकून आलात. म्हणून वेळ घालवत नाही. आज भावावर बोलणार नाही. भावावर आम्ही प्रत्येक बैठकीत बोलतो, पुढेही बोलू. आज बोलायचे आहे ते त्या पैशाबद्दल, जो आपल्या खिशातून जातो आणि कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

उत्पादनखर्च काढायला बसलो की आपण सगळे धरतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणी, बंडीभाडे, हमाली, तोलाई. बैलाचा कडबा धरतो, घरच्या माणसाची मजुरी धरतो. पण फेरफारासाठी दिलेले, पंचनाम्यात नाव यावे म्हणून दिलेले, डीपी जळाली तेव्हा साऱ्या गावाने वर्गणी करून दिलेले पैसे कोणी धरले आहेत काय? पावती नाही म्हणून तो खर्च नाही, असे थोडेच आहे?

मागे एका गावात आम्ही विचारले, की गेल्या सालात ज्याने बिनपावतीचा एकही रुपया दिला नाही त्याने हात वर करावा. मांडवभर माणूस होता. एक हात वर आला. आम्हाला आनंद झाला. मग कळले, की त्या भावाच्या नावावर वावरच नाही. सारे हसले. आम्हीही हसलो. पण रात्री परत येताना गाडीत कोणी बोलले नाही.

आमच्यातल्याच एका घरची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, तालुका सांगत नाही, कारण गोष्ट एका कचेरीची नाही. बाप वारला. तेरवी झाली. तिघा भावांची आणि मायची नावे सातबाऱ्यावर चढवायची होती. थोरला कचेरीत गेला. 'साहेब, वारसाचं काय झालं जी?' 'पाहू ना बावा, काम लय हाय.' दुसऱ्या खेपेला साहेब मोक्यावर गेलेले. तिसऱ्या खेपेला मीटिंगला. चौथ्या खेपेला कचेरीबाहेरच्या टपरीवर बसलेला एक माणूस हळूच म्हणाला, 'काहून चकरा मारून राह्यला भाऊ? पाचशे ठेव, उद्या फेर होऊन जाईन.'

पाचशे ठेवले. फेर झाला. आणि घरी येऊन थोरल्याने मायला काय सांगावे? 'साहेब चांगला माणूस हाय. काम केलं त्यानं.'

भावांनो, त्या पाचशे रुपयांपेक्षा हे वाक्य आम्हाला जास्त लागते. वावर बापाचे, दाखला बापाच्या मरणाचा, लेकरे बापाची, आणि हक्काची नोंद झाली तर उपकार साहेबांचे! तो थोरला भाऊ आज याच मांडवात बसला आहे. त्यानेच सांगितले, की माझी गोष्ट सांगा, फक्त नाव घेऊ नका.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, साल १९६६, कलम १४९. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे, तोंडी किंवा लेखी. आणि तलाठ्याने खबर मिळाल्याची लेखी पोहोच ताबडतोब द्यायची. ताबडतोब द्यायची, हे आम्ही पदरचे सांगत नाही, कायद्यातच आहे. पुढचे कलम १५०. फेरफाराच्या वहीत नोंद घ्यायची, तिची प्रत चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध त्यांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. यात टपरीवरचा माणूस कुठे आला?

थोरल्याने चार चकरा मारल्या, पण एकाही चकरेचा कागद त्याच्याजवळ नव्हता. त्याने पोहोच मागितलीच नाही. आणि साहेब आपणहून पोहोच देत नाहीत, त्याला कारण आहे. पोहोच दिली की तारीख आली, तारीख आली की उशीर मोजता येतो, आणि मोजलेल्या उशिराचे पैसे मागणे जड जाते.

२०२४ मध्ये सरकारने तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केले. सातबारा संगणकावर आला, वारसाचा अर्ज ई-हक्कवरून करता येतो, पीक पाहणी २०२१ पासून आपल्याच मोबाइलवर आली. चांगले झाले, आम्ही नावे ठेवणार नाही. कागद जेवढा उघड्यावर येतो तेवढा टपरीवरचा माणूस रिकामा होतो. पण तो पुरता रिकामा झालेला नाही. सर्व्हर कोणासाठी बंद असतो आणि कोणासाठी चालू असतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

इथे जुने लोक बसले आहेत, त्यांना एकाधिकार कापूस खरेदी आठवत असेल. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२ पासून, पुढे सुमारे तीस वर्षे. कापूस सरकारी योजनेलाच द्यायचा, दुसरा गिऱ्हाईक नाही. योजना आणली शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असे सांगितले गेले. पण कापसाचा पिवळेपणा किती, कवडी किती, ओल किती, धागा केवढा, हे एका माणसाने मूठभर कापूस हातात घेऊन डोळ्याने ठरवायचे. त्याने एक पायरी खाली लावली की क्विंटलमागे भाव गेला. बंडी रात्रभर रांगेत, बैल उपाशी, कास्तकार थंडीत कुडकुडतो आहे. माल परत नेला तर भाडे अंगावर. अशा जागी देवमाणूस बसवला तरी त्याची परीक्षाच. काही जण त्या परीक्षेत पासही झाले, हे आम्ही पाहिले आहे. पण गिऱ्हाईक एक, निर्णय एकाच्या डोळ्यात आणि निर्णयाचा कागद नाही, अशी जमीन असली की लाचेचे पीक हमखास येते. त्याला ओलित लागत नाही.

म्हणून आम्ही 'साहेब तेवढे चोर' असे म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे असते, टाळ्याही पडतात. ज्योतिबांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि सभांमधून वाचून दाखवला. त्यात सरकारी कामगारांनी अडाणी शेतकऱ्याला कसे नाडले ते सगळे आले आहे. तेव्हा वरचा साहेब गोरा होता. गोरा गेला, आपला आला, आपल्याच गावातून, आपल्याच जातीतून, आपल्याच शाळेतून आला. आणि तरी खुर्ची तीच राहिली, कारण खुर्चीपुढे उभे राहण्याची आपली तऱ्हा तीच राहिली.

खुर्चीवर बसूनही सरळ वागणारी माणसे असतात. एक गोष्ट आपल्या शेजारची, खामगावची. अकोल्याहून पन्नासेक किलोमीटरवर. साल २००६. आत्महत्यांनी वऱ्हाड हादरलेला होता, सावकारीविरुद्ध शेतकरी तक्रारी करत होते. खामगावच्या तेव्हाच्या आमदारांच्या कुटुंबातील सावकारीबद्दल तक्रार पोलिसांत गेली. मुंबईहून मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाचा फोन आला, की यांच्याविरुद्धच्या तक्रारी सरळ नोंदवू नका, आधी जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलाचा सल्ला घ्या, मग पाहा. असे फोन रोज किती येत असतील! ऐकायचे आणि विसरायचे, अशी रीत. पण या वेळी ठाण्यातल्या स्टेशन डायरीत नोंद झाली, की अमुक फोन आला आणि अमुक सांगण्यात आले.

त्या नोंदीवर खटला उभा राहिला. तक्रारदार शेतकरी नागपूर खंडपीठात गेला. उच्च न्यायालयाने सरकारला पंचवीस हजार रुपये खर्चाचा दंड लावला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ डिसेंबर २०१० रोजी तिथे निकाल लागला, की तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना अशी सूचना देण्याचा अधिकारच नव्हता. पंचवीस हजारांचे दहा लाख झाले. विचार करा. फोन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाचा, आणि त्याच्यासमोर उभी राहिली ठाण्यातली एक वही. डायरी लिहिणाऱ्याने भाषण केले नाही, उपोषण केले नाही, वर्तमानपत्रात गेला नाही. त्याने आपले रोजचे काम केले. जे झाले ते लिहिले. आम्हाला त्याचा सत्कार करावासा वाटतो. पण सत्कार केला तर बदली व्हायची, म्हणून गप्प आहोत.

दुसरा माणूस विजय पांढरे. पाटबंधारे खात्यातले मुख्य अभियंता. नोकरीत असताना, २०१२ मध्ये, त्यांनी मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्र लिहिले, की धरणांच्या किमती कशा फुगतात आणि कामे कशी निकृष्ट होतात. आपल्या विदर्भातले उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली, तीही काही महिन्यांत. आपल्या धुऱ्यापर्यंत पाणी आले काय? राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन ०.१ टक्का वाढल्याचा आकडा आला, तेव्हा विधानसभा हादरली. श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती बसली, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षे गेली. कोणाला काय शिक्षा झाली, हे विचारू नका. पण ते पत्र निघाले नसते तर आकडा पाहणीच्या पुस्तकात झोपून राहिला असता. आणि ते पत्र आपण कोरडवाहूवाल्यांनी लिहिलेले नव्हते, खुर्चीवरच्या माणसाने लिहिले होते.

आता आपल्याकडे वळू. हे बोलणे थोडे कडू आहे.

टपरीवरचा तो माणूस कोण होता? परदेशातून आलेला नव्हता. गावचाच होता. अशा माणसांत कधी सोसायटीत वावरणारा असतो, कधी ग्रामपंचायतीत निवडून आलेला, आणि कधी, सांगायला लाज वाटते, आमच्या सभेत पहिल्या रांगेत बसणाराही असतो. साहेबाला हजार, त्याला दोनशे. लोक त्याला पुढारी म्हणतात, कारण तो 'कामं करून देते'. आम्ही ठरवले आहे, की ज्याला असे पैसे घ्यायचे त्याने घ्यावेत, पण सभेच्या मांडवात बसू नये. नावे आज वाचत नाही. पुढच्या बैठकीत वाचावी लागू नयेत.

आणि आपला स्वतःचा हात? २००८ च्या कर्जमाफीची तपासणी महालेखापालांनी २०१३ मध्ये मांडली. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२.३२ टक्के खात्यांत चुका निघाल्या. कोणी पात्र असून वगळला, कोणी अपात्र असून घुसला, काही ठिकाणी कागदांत खाडाखोड. खाडाखोड बँकेत झाली, हे खरे. पण घुसलेला माणूस आपल्यातलाच होता ना? एक रुपयात पीकविमा २०२३ मध्ये आला आणि २०२५ मध्ये बंद झाला. मधल्या काळात देवस्थानाच्या आणि सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे राज्यात निघाली. त्या चोरांपायी सरकारला योजना आवरायला निमित्त मिळाले, आणि ज्याची ज्वारी खरोखर पावसाने काळी पडली तो मारला गेला. शेजाऱ्याचा खोटा पंचनामा आपण पाहतो आणि म्हणतो, 'जाऊ दे ना, सरकारचाच पैसा हाय.' सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा, हे याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून समोरच्या माणसालाच विचारत, तसे विचारले पाहिजे. त्या माणसाने धर्मशाळा बांधल्या, विश्वस्त नेमून त्यांच्या स्वाधीन केल्या, आणि स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. १९५६ मध्ये वलगावजवळ गेले तेव्हा त्यांच्या नावावर काही निघाले नाही.

तक्रार करायची म्हणजे काय, यावर लोकांच्या मनात भीती आहे. ती खोटी नाही. 'गावात राहायचं हाय बाप्पा, उद्या पुन्हा त्याच्यापाशीच जायचं हाय.' तळेगावचे सतीश शेट्टी माहिती अधिकारात जमिनीचे व्यवहार उघडे करत होते, १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला, पण अंमलात आणला नाही. धीट व्हा, असे व्यासपीठावरून सांगून आम्ही घरी जाणार आणि तुम्ही एकटे पडणार, असे आम्ही करणार नाही. म्हणून काय होते ते नीट समजून घ्या, मग ठरवा.

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, त्याचे परिक्षेत्राचे ठाणे अमरावतीला, अकोल्यालाही कार्यालय. फोन १०६४, पैसे लागत नाहीत. तुम्ही गेलात की आधी तुमची तक्रार लिहून घेतात. मग पडताळणी करतात, म्हणजे साहेब खरेच मागतो काय हे पंचासमोर आणि रेकॉर्डरवर तपासतात. पंच बहुधा दुसऱ्या खात्याचे सरकारी नोकर असतात. मग नोटांचे नंबर लिहितात, नोटांना एक पांढरी पूड लावतात, ती डोळ्याला दिसत नाही. साहेबाने नोटा घेतल्या की त्याचे हात सोड्याच्या पाण्यात धुतात. पाणी गुलाबी झाले की झाले. एक गोष्ट विसरू नका. पैसे आपणहून पुढे करायचे नाहीत. त्याने मागितले पाहिजेत, तेव्हाच द्यायचे. मागणी सिद्ध झाली नाही तर गुलाबी पाण्यालाही कोर्टात किंमत नाही. सापळ्यात लावलेले पैसे तुम्हाला नंतर परत मिळतात.

सापळ्याच्या खटल्यात तक्रारदाराचे नाव येते, ते लपत नाही, हेही सांगितले पाहिजे. आणि खटला वर्षानुवर्षे चालतो. मधल्या काळात सोयरे येतात, पुढारी येतात, 'मिटवून टाका' म्हणतात, आणि तक्रारदार कोर्टात फितूर होतो. साहेब सुटून पुन्हा त्याच खुर्चीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी सांगितले आहे, की तक्रारदार फिरला किंवा मेला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. ते बरे झाले. पण त्यावर भिस्त ठेवून फितूर व्हायला निघू नका.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. १९८८ च्या कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार आहे. अडवून, सक्तीने घेतली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. कळवले तर देणारा सुटतो. आधीच कळवून सापळ्यात दिले तर प्रश्नच नाही. म्हणजे 'देऊन टाकू, पुढे पाहू' हा आपला जुना धंदा आता आपल्याच अंगाशी येऊ शकतो. घेणाऱ्याला तीन ते सात वर्षे आहेत.

सगळ्यांनी सापळे लावावेत, असे आमचे म्हणणे नाही. शंभरातली नव्वद कामे त्याच्या आधीच निपटतात, कागदाने. माहितीचा अधिकार २००५ चा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्यायचा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर. नाही आले तर वीस रुपयांचे तिकीट लावून अपील, त्यानंतर अमरावतीलाच माहिती आयोगाचे खंडपीठ आहे, मुंबईला जावे लागत नाही. दिरंगाईला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार, तेही अधिकाऱ्याच्या खिशातून. आणि ज्याला अर्जही करायचा नाही त्याने सोमवारी दुपारी तीन ते पाच जिल्हा-तालुक्याच्या कचेरीत जाऊन दप्तर पाहायचे; २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. आजवर कोणी गेले आहे काय? आम्हीही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या कारकुनाला तो निर्णय माहीत नव्हता. झेरॉक्स सोबत नेली होती म्हणून बरे.

हा कायदा दिल्लीत कोणाच्या डोक्यातून निघाला नाही. राजस्थानातल्या कोरडवाहू गावांतल्या मजुरांनी रोजगाराच्या कामाचे हजेरीपट मागितले. १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना गावात भर सभेत हजेरीपट वाचला, तेव्हा मेलेल्या माणसांची मजुरी निघाली. लोकांनीच उठून सांगितले, की हा तर कधीचा गेला. मग १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे. आपल्याकडे अण्णा हजारेंनी उपोषणे केली, राज्याचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाचा. त्या मजुरांना वाचताही येत नव्हते, भावांनो. आपल्या घरात तर बी.ए. झालेली पोरे रिकामी बसली आहेत.

आमचे एवढेच मागणे आहे. प्रत्येक गावात एक वही ठेवा. कचेरीत कोण, कोणत्या कामाला, कोणत्या तारखेला गेला, पोहोच मिळाली की नाही, किती मागितले, कोणी मागितले, हे त्यात लिहा. जाताना एकट्याने जाऊ नका, तिघे जा, आणि त्यात एखादी बाई असू द्या. बाईसमोर पैसे मागायला साहेबाची जीभ अडखळते, हा आमचा अनुभव आहे. पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. ज्याचे नुकसान तेहेतीस टक्क्यांच्या वर गेले त्याचे नाव आहे की नाही, आणि ज्याच्या वावरात गोटाभर पाणीही साचले नाही त्याचे नाव का आहे, हे गावालाच कळते, तहसीलदाराला नाही. जो अधिकारी सरळ काम करतो त्याचेही नाव वहीत लिहा. त्याची बदली करायला निघाले तर आपण तिघेच नाही, तीनशे जण जाऊ.

आता चहा आहे. चहानंतर ज्यांचे फेराचे, पंचनाम्याचे, डीपीचे काम अडले आहे त्यांनी उजव्या हाताच्या टेबलावर यावे. कोरे कागद आहेत, कोर्ट फीची तिकिटे आणून ठेवली आहेत, ती ज्याची त्याने विकत घ्यावीत. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, दुसरीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कचेरीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. टेबलावर वही घेऊन मघाचा तो थोरला भाऊ बसेल. पहिली नोंद त्याने स्वतःच्या पाचशे रुपयांची केली आहे.